‘मी बसते, तू जाऊन ये’: दिव्यांग मुलाच्या घराला आधार म्हणजे नेमकं काय

मागच्या उन्हाळ्यात आमच्याकडं चुलत बहिणीचं लग्न होतं. कार्यालय अक्कलकोट रोडला. अक्षता पडल्या, पंगती बसल्या, आणि एक काकू आईजवळ येऊन म्हणाल्या, "धाकट्याला नाही आणलं? बरं केलं बाई. एवढ्या गर्दीत त्याला कशाला त्रास." थोड्या वेळानं आत्या आली. तिनंही तेच विचारलं, "धाकट्याला का नाही आणलं गं?" आणि पुढं म्हणाली, "मी त्याच्यासाठी खाली कूलरजवळ खुर्ची धरून ठेवली होती की."

धाकटा म्हणजे माझा दिव्यांग भाऊ. पहिल्या प्रश्नाला आईनं नुसती मान हलवली. दुसऱ्या प्रश्नाला तिनं हातातला घास ताटात ठेवला आणि पदर डोळ्याला लावला.

दिव्यांग मुलांना आणि त्यांच्या कुटुंबांना समाजानं स्वीकारावं, हे वाक्य 3 डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, दरवर्षी कानावर पडतं. स्वीकारावं म्हणजे काय करावं, हे मात्र कुणी फोडून सांगत नाही. मी अशाच घरात वाढले. सोलापूरच्या पूर्व भागात, वडील यंत्रमागावर, आई घरी विड्या वळायची. त्यामुळं मला जे कळलंय ते याच घराच्या उंबऱ्यावरून कळलंय. तेच सोपं करून सांगते.

माझा भाऊ आता 26 वर्षांचा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे आणि जोडीला बौद्धिक अक्षमताही. सेरेब्रल पाल्सी म्हणजे मेंदू घडत असतानाच त्याच्या एखाद्या भागाला इजा होते आणि हातापायांना निघालेला निरोप वाटेत अडखळतो. कुणाचे स्नायू ताठ राहतात, कुणाचे ढिले पडतात, कुणाचा तोल जातो, कुणाची जीभ वळत नाही. मूल वेळेआधी जन्मणं, जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडणं, जन्मल्यानंतरची तीव्र कावीळ, मेंदूला झालेला जंतुसंसर्ग ही त्यातली काही कारणं. ही इजा पुढं वाढत जात नाही. ती भरूनही येत नाही, पण व्यायामानं आणि उपचारांनी हालचाल सुधारते, सांधे आखडणं कमी होतं. अनेक मुलांची बुद्धी अगदी शाबूत असते. बोलणं अस्पष्ट असल्यामुळं लोक त्यांना वेडं ठरवून मोकळे होतात, एवढंच. आमचा धाकटा सातव्या महिन्यात झाला आणि बरेच दिवस काचेच्या पेटीत होता.

आता त्या लग्नाच्या कार्यालयाकडं परत जाऊ. त्याचे पाय ताठ आहेत, हा झाला त्याच्या शरीराचा भाग. कार्यालयाला सात पायऱ्या आहेत आणि उतार नाही, हा झाला बांधणाऱ्याचा भाग. तो आला तर लोक जेवायचं सोडून बघत बसतात, हा झाला बघणाऱ्यांचा भाग. अपंगत्व या तिन्हींच्या बेरजेतून तयार होतं. संयुक्त राष्ट्रांचा 2006 चा दिव्यांग हक्क करार याच विचारावर उभा आहे. भारतानं तो 2007 मध्ये मान्य केला आणि त्यातून आपला 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम आला, 19 एप्रिल 2017 पासून लागू. पायांचं बघायला डॉक्टर आहेत. उरलेले दोन भाग डॉक्टरांच्या हातात नाहीत.

याच कायद्यानं दिव्यांगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले. स्वमग्नता (ऑटिझम), अध्ययन अक्षमता, स्नायूंचा ऱ्हास, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल हे सगळं आता यादीत आहे. म्हणजे ‘आमच्या ओळखीत असं कुणी नाही’ म्हणणाऱ्या माणसाच्या ओळखीतही बहुधा कुणीतरी असतं. 2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या, महाराष्ट्रात साधारण 29 लाख 63 हजार. तेव्हा प्रकारांची यादी आजच्यापेक्षा लहान होती.

शब्दांबद्दल थोडं. माझ्या लहानपणी शाळेच्या फलकावर ‘मतिमंद’ लिहिलेलं असायचं, कागदावर ‘अपंग’ असायचं, आता ‘दिव्यांग’ आहे. काही दिव्यांग व्यक्तींनाच हा शब्द पटत नाही, दिव्य वगैरे काही नको, हक्क द्या म्हणतात. मला विचाराल तर कागदावर काहीही लिहा. समोर असताना त्याला नावानं हाक मारा. ‘देवाचं लेकरू’ म्हणू नका. देवाचं म्हटलं की ते आपलं राहत नाही.

घर आपोआप मिटत जातं, ते कसं

लोकांना वाटतं, अशी कुटुंबं स्वतःच कुणात मिसळत नाहीत. हे खरं आहे, पण ते शेवटी होतं. आधी बरंच काही झालेलं असतं.

सुरुवात दोषापासून होते आणि दोष आईच्या पदरात पडतो. ग्रहणात भाजी चिरली असेल. डोहाळजेवणाला कुणाची तरी नजर लागली. सुनेच्या माहेरीच काहीतरी असणार. आमच्या आजीनं तर कोणत्या अमावास्येला काय झालं होतं, हे आठवून आठवून सांगितलं होतं. ग्रहणाचा आणि बाळाच्या मेंदूचा काही संबंध नाही. माझी आई सहाव्या महिन्यापर्यंत पाटावर बसून दिवसभर विड्या वळत होती, तिच्या खाण्यात लोह किती होतं, तपासण्या किती झाल्या, हे मात्र त्या घरात कुणी विचारलं नाही.

इथं आपल्याकडची एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी, कारण सोलापुरात ती घरोघरी आहे. मामा-भाची, आत्ते-मामे भावंडं अशी नात्यातली लग्नं आपल्या भागात, तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या घरांत विशेष, पूर्वापार होत आली आहेत. नवरा-बायको रक्ताच्या नात्यातले असले, तर दोघांकडून एकच सदोष जनुक मुलाकडं येण्याची शक्यता वाढते. सर्वसाधारणपणे शंभरातल्या दोन-तीन बाळांत जन्मजात मोठा दोष आढळतो. सख्ख्या आत्ते-मामे भावंडांच्या लग्नात हे प्रमाण साधारण दुप्पट धरतात, मामा-भाचीत त्याहून जास्त. याचा दुसरा अर्थही लक्षात घ्या. अशा लग्नांतली बहुतेक मुलं निरोगीच जन्मतात. आणि झालेल्या मुलाकडं बोट दाखवून ‘नात्यात केलं ना, मग भोगा’ म्हणण्यानं कुणाचंच काही सुधारत नाही. माहितीचा उपयोग पुढच्या बाळंतपणाआधी जनुकीय सल्ला घेण्यासाठी करायचा असतो. माझ्या आईवडिलांचं लग्न नात्यातलं नाही. तरी लोकांनी विचारलंच.

दोषानंतर सल्ले येतात. अमक्या दर्ग्यात न्या, तमक्या बाबाचा अंगारा लावा, इतके गुरुवार करा, मुंगीएवढ्या गोळ्या देणारा एक वैद्य आहे विजापूरकडं. श्रद्धेबद्दल माझी तक्रार नाही. आईनं अक्कलकोटला पायी जाण्याचा नवस केला होता, फेडलाही. तक्रार आहे ती वाया जाणाऱ्या वर्षांची. पहिली पाच-सहा वर्षं मेंदू सगळ्यात जास्त वळणाचा असतो. त्या काळात फिजिओथेरपीऐवजी अंगारा मिळाला, तर सांधे आखडतात, आणि मग ज्याला आधार घेऊन उभं राहता आलं असतं त्याला बसवावंही लागतं. आमचं असं जवळजवळ दोन वर्षं गेलं.

आणि मग वेळेचा हिशोब सुरू होतो. हा बाहेरच्याला दिसत नाही. धाकट्याला भरवायला एका जेवणाला पाऊण तास लागायचा, कारण घास गिळताना ठसका लागला तर जीव घाबरा व्हायचा. अंघोळ, कपडे, शी-शू, व्यायाम, रात्री दोनदा कूस बदलून देणं. एका माणसाचा सबंध दिवस. तो माणूस बहुतेक घरांत आईच असते, आणि तिची कमाई पहिल्यांदा बंद होते. वडिलांची पाळी बारा तासांची, माग थांबला की मजुरी थांबली, त्यामुळं दवाखान्याचा प्रत्येक दिवस हा खाड्याचा दिवस. खर्च वाढतो तेव्हाच मिळकत घटते. ही कात्री ज्यांनी पाहिली नाही ते म्हणतात, "पोराकडं नीट लक्ष द्यायला हवं हो."

माझ्या आईला विडीनं तारलं असं म्हणावं लागेल, आणि म्हणताना वाईटही वाटतं. घरी बसून करता येण्यासारखं पूर्व भागातल्या बाईला दुसरं काम नव्हतं. डाव्या मांडीजवळ सूप, उजव्या हाताशी धाकटा. पानं ओली करायची, मापानं कापायची, तंबाखू भरून वळायची, मधेच त्याची लाळ पुसायची. तंबाखूची धूळ दोघांच्या नाकात. शिवाय विड्या कारखान्यात नेऊन द्यायच्या, तिथं रांग, तिथं खराब म्हणून काही विड्यांची छाट काढणार, त्यात दोन तास. हे दोन तास कुठून आणायचे?

आमच्या शेजारी एक अक्का राहायच्या. तेलुगू बोलायच्या, मराठी मोडकं. एक दिवस त्या आपलं सूप उचलून आमच्या दारात येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "मी बसते, तू जाऊन ये." ना सल्ला, ना कौतुक. त्या स्वतःच्या विड्या वळत बसायच्या, धाकट्याशी तेलुगूत गप्पा मारायच्या, तो खिदळायचा. अकरा वर्षं हे चाललं. समाजानं स्वीकारलं म्हणजे काय, हे मला कुणी विचारलं की मला ते दोन तास आठवतात.

‘तीन-तीन भाषा कानावर पडतात, म्हणून बोलत नाही’

हा सोलापूरचा खास गैरसमज. घरात तेलुगू, गल्लीत कन्नड, दुकानात उर्दू मिसळलेलं हिंदी, शाळेत मराठी. दोन-अडीच वर्षांचं मूल बोलत नसलं की घरातलं मोठं माणूस म्हणतं, भाषांचा गोंधळ झालाय, बोलेल. अनेक भाषा ऐकल्यानं बोलण्याचा विकार होत नाही, स्वमग्नता तर नाहीच. अशी मुलं कधी दोन भाषांची भेळ करतात, पण बोलतात.

तेव्हा लक्ष कशाकडं द्यायचं? वर्षाचं होऊनही नावानं हाक मारल्यावर बघत नाही. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही. दोन वर्षांपर्यंत ‘दूध दे’सारखे दोन शब्द जोडत नाही. आधी येत असलेले शब्द हरवले. तान्ह्या बाळाची मान चार महिन्यांनंतरही धरली जात नाही, नऊ महिन्यांपर्यंत बसत नाही. यातलं एखादं दिसलं म्हणजे आजार आहेच असं नाही, पण दाखवायला हवं. आणि बोलत नसलेल्या प्रत्येक मुलाचे कान आधी तपासायला हवेत. ऐकूच येत नसेल तर बोलणार कुठून?

तपासणीसाठी पैसे लागतात म्हणून थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये आपल्या महाराष्ट्रातून, पालघरमधून सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं, 18 वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतं आणि गरज असेल तर पुढं पाठवतं. पथक आलं त्या दिवशी मुलाला ‘दाखवायला नको, लोकांना कळेल’ म्हणून घरी ठेवणारे आईबाप मी पाहिलेत. त्यांना मी हसत नाही. माझेही आईवडील पाहुणे आले की धाकट्याला आतल्या खोलीत न्यायचे. लाज बाहेरून येते हे खरं, पण काही दिवसांनी ती घरातच राहायला लागते.

कागदांचं सांगते, थोडक्यात

सगळ्या सोयींची चावी म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र, ज्याला सगळे यूडीआयडी कार्ड म्हणतात. अर्ज ‘स्वावलंबन’ संकेतस्थळावर भरायचा, मग शासकीय रुग्णालयात तपासणी. शहरातल्या माणसासाठी सिव्हिल म्हणजेच छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय. लहान मुलांना बहुधा मुदतीचं प्रमाणपत्र मिळतं, मुदत संपली की पुन्हा तपासणी, ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

बहुतेक लाभांना किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागतं. हे टक्के फार गैरसमज करतात. 60 टक्के म्हणजे मूल 40 टक्केच उरलं असं नव्हे. ते एका ठरावीक पद्धतीनं काढलेलं मोजमाप आहे, शाळेच्या मार्कांसारखं त्यावरून पोराचं भविष्य काढायचं नसतं. एका काकांनी आमच्या कार्डवरचा आकडा वाचून "पास झालाय की वो" असा विनोद केला होता. वडील हसले, मग आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

कार्ड हातात आल्यावर पुढचं. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांग लाभार्थ्याचं मासिक अनुदान 2025 मध्ये 1,500 वरून 2,500 रुपये झालं. त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 50 हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो आणि अर्ज तहसीलला जातो. एसटीच्या तिकिटात 75 टक्के सवलत आहे. रेल्वेत चालता न येणाऱ्या किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रवाशाला स्लीपरला 75 टक्के सवलत, आणि सोबत जाणाऱ्या एका माणसालाही तेवढीच. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं वर्षातून चार खेपा करणाऱ्या घराला याचं मोल विचारा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता (एकाहून अधिक दिव्यांगत्व) या चौघांसाठी केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंत, त्यात थेरपीचा खर्चही येतो. महानगरपालिकेनं आणि ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. ग्रामसभेत हा प्रश्न विचारायला आईबाप असण्याची अट नाही, गावातल्या कुणीही विचारावा. पगारदार पालकाला प्राप्तिकराच्या जुन्या करप्रणालीत 75 हजारांची, आणि दिव्यांगत्व 80 टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाखाची वजावट मिळते. पूर्व भागात ही वजावट कुणाच्या उपयोगाची नाही, पण जुळे सोलापुरातल्या वाचकाला सांगून ठेवते.

वाचताना हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात एका कार्यालयात आम्हाला चार वेळा परत पाठवलं, दर वेळी वेगळ्या झेरॉक्ससाठी, आणि चारही वेळा वडिलांनी धाकट्याला कडेवर घेऊन जिना चढला होता. तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. पाचव्या वेळी वडिलांच्या कारखान्यातला एक दहावी झालेला मुलगा सोबत आला, त्यानं अर्ज वाचला, काय राहिलंय ते ओळखलं आणि काम झालं. म्हणून सांगते, अशा घराला मदत करायची असेल तर पैसे देण्याआधी विचारा, "कुठला कागद अडलाय का?" आपल्याकडं सुशिक्षित माणसं ढिगानं आहेत आणि फॉर्म भरायला त्यांना अर्धा तास लागतो.

शाळा

कायदा स्वच्छ आहे. लक्षणीय, म्हणजे 40 टक्के आणि वरच्या दिव्यांगत्वाच्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या नेहमीच्या शाळेत किंवा पालकांना हवी असेल तर विशेष शाळेत. समग्र शिक्षा अभियानातून विशेष शिक्षक नेमलेले असतात, ते शाळेत आणि गंभीर दिव्यांगत्व असेल तर घरीही येतात. दहावी-बारावीला लेखनिक आणि वाढीव वेळ मिळतो. 

अडतं कुठं? बाकावर. शेजारच्या मुलाची आई शाळेत येऊन म्हणते, "आमच्या मुलाला त्याच्याजवळ बसवू नका, सवयी लागतात." हे संसर्गजन्य नाही, हे तिलाही माहीत असतं. तिला भीती असते ती वेगळीच, बाई वर्गाऐवजी त्याच्याकडंच बघत बसतील. ही भीती अगदीच खोटी नाही. साठ मुलांच्या वर्गात एक शिक्षिका असेल तर ते होणारच. म्हणून भांडण त्या आईशी करण्यात अर्थ नाही. तिला सोबत घेऊन शाळेकडं आणि शिक्षण विभागाकडं विशेष शिक्षकाची मागणी करण्यात आहे. मुलांचं म्हणाल तर मुलं आपोआप जुळवून घेतात. धाकटा दोन वर्षं महापालिकेच्या शाळेत गेला. त्याच्या वर्गातल्या पोरांनी लंगडीचा नवा नियम काढला होता, हा बसून डाव धरणार आणि ज्याच्या पायाला याचा हात लागेल तो बाद. मोठ्या माणसाला असं सुचलं नसतं.

भर चौकात दिव्यांग व्यक्तीचा मुद्दाम अपमान केला तर 2016 च्या कायद्याच्या कलम 92 खाली सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा आहे. हेही माहीत असलेलं बरं.

आमच्यासारख्या बहिणी

अशा घरातल्या दुसऱ्या भावंडांबद्दल फारसं कुणी बोलत नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. मी त्याच्याहून चार वर्षांनी मोठी. मला लहानपणी ‘शहाणी मुलगी’ म्हणायचे. शहाणी म्हणजे काही न मागणारी. आजारी पडायची सोय नव्हती, कारण आजारपणाचा कोटा घरात भरलेला होता. स्नेहसंमेलनात मी नाचले तेव्हा बघायला घरून कुणी नव्हतं, आणि मला राग आला तो आईचा नाही, धाकट्याचा. मग रात्री त्या रागाची लाज वाटली. हा राग आणि ही लाज दोन्ही सर्वसाधारण आहेत, हे मला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तुमच्या ओळखीत असं भावंड असेल तर त्याला ‘भावाची काळजी घेतोस ना’ असं नका विचारू. त्याचं स्वतःचं काय चाललंय ते विचारा. त्याला एकट्याला गड्ड्याला, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेला, न्या.

पुढं लग्नाचं वय आलं. स्थळं यायची, कांदेपोहे व्हायचे, आणि आतल्या खोलीतून धाकट्याचा आवाज आला की समोरच्यांचे चेहरे बदलायचे. "घरात असं आहे हे आधी सांगायला हवं होतं." एका मध्यस्थ बाईंनी आईला सुचवलं की कार्यक्रमाच्या दिवशी त्याला मामाकडं ठेवा. आईनं एकदा ठेवलंही. ते स्थळ जमत आलं होतं, मीच मोडलं. सेरेब्रल पाल्सी बहुतेक वेळा आनुवंशिक नसते, भावाला आहे म्हणून बहिणीच्या मुलांना होईल असं नाही. हे समजावून सांगण्यात माझी तीन वर्षं गेली. शंका असेलच तर जनुकीय सल्ला देणारे डॉक्टर असतात, त्यांच्याकडं जावं. अंदाजानं मुलगी नाकारू नये. शेवटी ज्यांच्याशी लग्न झालं ते बघायला आले तेव्हा त्यांनी आधी धाकट्याशी हात मिळवला. धाकट्याचा हात उशिरा पुढं येतो, बोटं उघडायला वेळ लागतो. ते तेवढा वेळ हात पुढं धरून उभे राहिले.

मुलगा अठराचा झाला की

दिव्यांग मुलाच्या आईबापांना रात्री जागवणारा एकच प्रश्न असतो, आमच्यामागं कोण? तो त्यांना मोठ्यानं विचारता येत नाही आणि पाहुण्यांना ऐकायचा नसतो. "देव बघेल" म्हणून विषय बदलतात.

काही गोष्टी देवावर न सोपवताही करता येतात. मूल 18 वर्षांचं झालं की कायद्यानं ते सज्ञान होतं, बौद्धिक अक्षमता असली तरी, आणि आईबापांची सही आपोआप चालत नाही. बँकेत हे पहिल्यांदा कळतं. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली वर सांगितलेल्या चार प्रकारांसाठी कायदेशीर पालक नेमता येतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, तिच्याकडं अर्ज जातो. आईवडील अर्ज करू शकतात, भावंडंही. ज्याची बुद्धी शाबूत आहे, फक्त हातपाय चालत नाहीत, त्याला पालक नेमायची गरज नसते, त्याचे निर्णय त्यालाच घेऊ द्या. हा फरक घरातली माणसंही विसरतात.

नोकरदार पालकांसाठी एक निकाल महत्त्वाचा आहे. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल 2024 मध्ये, हिमाचल प्रदेशातल्या एका प्राध्यापिकेच्या प्रकरणात, दिव्यांग मुलाच्या आईला बालसंगोपन रजा नाकारणं म्हणजे स्त्रियांना नोकरीतून बाहेर ढकलणं आहे अशा अर्थाची भूमिका घेतली. यंत्रमागावरच्या बापाला आणि विडी वळणाऱ्या आईला रजाच नसते, त्यांना हा निकाल लागू पडत नाही. त्यांची रजा म्हणजे शेजारची अक्का.

अक्का चार वर्षांपूर्वी कुंभारीकडच्या नव्या घरकुलात राहायला गेल्या. जाताना आईला म्हणाल्या, आता कोण बसणार गं. तर झालं असं की समोरच्या घरातली नववीतली मुलगी संध्याकाळी अभ्यासाला आमच्याकडं यायला लागली, तिच्या घरात जागा नाही म्हणून. ती पुस्तक मोठ्यानं वाचते, धाकटा ऐकतो. आई तेवढ्यात भाजी आणून येते. पोरीला आपण काही विशेष करतोय हे माहीतही नाही.

येत्या संक्रांतीला धाकट्याला गड्ड्यावर न्यायचं ठरतंय. होम मैदानावरची गर्दी, धूळ, चाकांच्या खुर्चीला न जुमानणारी जमीन, सगळं माहीत आहे. आत्याचा फोन आला होता. म्हणाली, पाळण्यात नाही बसवता येणार, पण यात्रेतले उंच नंदीध्वज दिसतील अशी जागा बघून ठेवते, तुम्ही फक्त त्याला पांढरा सदरा शिवून घ्या. यात्रेत घालतात त्या पांढऱ्या सदऱ्याच्या, म्हणजे बाराबंदीच्या, नाड्या त्याला टोचतात, म्हणून वेलक्रो लावून द्या असं मी शिंप्याला सांगून आले. शिंपी म्हणाला, "वेलक्रोची बाराबंदी? पहिल्यांदाच शिवतोय बघा," आणि त्यानं मापं घ्यायला घरी येतो म्हणून सांगितलं.